वय झाले म्हणून पडतो का?

आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या की आपण हळहळतो आणि म्हणतो, "वय झाले, चालायचेच." हे 'चालायचेच' खरे नाही, हे कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

आपला तोल तीन वाटांनी येणाऱ्या माहितीवर सांभाळला जातो. डोळे भोवतालचे दृश्य सांगतात. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारच्या पिशव्या डोक्याची हालचाल व कल सांगतात. तळपाय, स्नायू आणि सांधे जमिनीची खबर देतात. ही तिसरी वाट किती मोलाची आहे हे बर्लिनचे वैद्य मोरित्झ रोम्बर्ग यांच्या ग्रंथातून स्पष्ट झाले. मज्जाविकारांवरील हा ग्रंथ १८४० ते १८४६ या काळात प्रसिद्ध झाला. मज्जारज्जूच्या एका विकाराचे रुग्ण उजेडात कसेबसे चालत. पण पाय जुळवून उभे राहून डोळे मिटले की झोकांड्या खात. पायांकडून येणारी खबर बंद पडली होती आणि डोळे तिची भरपाई करीत होते. डोळे मिटताच ती उणीव उघडी पडे. आजही डॉक्टर ही चाचणी रोम्बर्ग यांच्याच नावाने करतात.

म्हातारपणी या तिन्ही वाटा थोड्याथोड्या मंदावतात. स्नायूंची ताकदही घटते. मग पडण्याचे खरे कारण कोणते? इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉक्टर जे. एच. शेल्डन यांनी २०२ वृद्धांच्या ५०० पडण्यांची बारकाईने नोंद केली आणि १९६० साली ती प्रसिद्ध केली. कोणी जिन्यावर चुकले होते, कोणी अडखळले होते, कोणाला भोवळ आली होती, तर कोणाचे पाय शुद्ध न हरपताच एकाएकी गळाले होते. 'पडणे' या एका शब्दाआड अनेक निरनिराळ्या घटना दडल्या होत्या.

पुढचे पाऊल अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी टाकले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ व त्याहून अधिक वयाच्या ३३६ स्त्रीपुरुषांची वर्षभर माहिती ठेवली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३२ टक्के लोक निदान एकदा पडले होते. झोपेची औषधे, पायांतील अशक्तपणा, पावलांचे विकार, तोल व चाल यांतील दोष अशी धोक्याची कारणे त्यांनी मोजली. एकही कारण नसलेल्यांत पडण्याचा संभव ८ टक्के होता. चार किंवा अधिक कारणे असलेल्यांत तो ७८ टक्के होता! म्हणजे पडणे ही लहानलहान उणिवांची बेरीज होती.

बेरीज असेल तर वजाबाकीही करता येईल. १९९४ साली याच गटाने ७० व त्याहून अधिक वयाच्या ३०१ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. अर्ध्यांची औषधे तपासून बदलली, त्यांना तोलाचे व ताकदीचे व्यायाम दिले, घरातील अडथळे दूर केले. वर्षभरात त्यांच्यापैकी ३५ टक्के पडले. उरलेल्यांपैकी ४७ टक्के.

वर्गात मुलांना एका पायावर आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून उभे राहायला सांगावे. शेजारी सावरायला जोडीदार हवाच. (आजीआजोबांवर मात्र हा प्रयोग करू नये.) किती सेकंद टिकले ते फळ्यावर मांडले की रोम्बर्ग समजतील. मग मुलांनी घरी जाऊन पाहावे : जिन्यात दिवा आहे का? न्हाणीघरात धरायला कठडा आहे का? आम्हांला वाटते, 'चालायचेच' म्हणण्यापूर्वी एवढे तरी विचारलेच पाहिजे.