क्रॅनबेरीचा रस व आंतड्यांतील जंतु

औषधाचा गुण आधीं अनुभवास येतो आणि त्याचें कारण मागाहून सांपडतें, असें वैद्यकाच्या इतिहासांत पुष्कळदा घडलें आहे. उत्तर अमेरिकेंतील क्रॅनबेरी या फळाच्या रसाची कथा अशीच आहे. करवंदाएवढें हें तांबडें, दांत आंबविणारें फळ दलदलीच्या जमिनींत येतें. तेथील मूळ रहिवासी तें अन्न व औषध म्हणून वापरीत. १८१६ सालीं मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथें हेन्री हॉल यानें त्याची लागवड सुरू केली. मूत्रमार्गाच्या विकारांवर हा रस हितकर आहे, ही समजूत घरोघर रुजली. तो कां हितकर, हें मात्र सांगतां येत नव्हतें.

त्या कारणाचा पहिला धागा जर्मनींत सांपडला. १८२९ सालीं लीबिग यानें घोड्याच्या मूत्रांतून एक आम्ल वेगळें काढून त्यास हिप्पुरिक आम्ल हें नांव दिलें. १८४२ सालीं व्होलरच्या हाताखालीं काम करणाऱ्या केलरनें स्वतः बेंझॉइक आम्ल घेतलें, तेव्हां त्याच्या मूत्रांत हिप्पुरिक आम्ल आढळलें. पोटांत गेलेल्या पदार्थापासून शरीर निराळाच पदार्थ घडवितें, याचा हा एक अगदीं आरंभींचा पुरावा होय.

१९१४ सालीं अमेरिकेंत ब्लेदरविक यानें क्रॅनबेरी खाल्ल्यावर मूत्राची आम्लता व त्यांतील हिप्पुरिक आम्ल वाढतें, असें दाखविलें. आम्ल वाढतें म्हणून जंतु मरतात, असा सोपा सिद्धांत त्यावरून रूढ झाला व बराच काळ टिकला. परंतु रसानें उत्पन्न होणारें हें आम्ल जंतूंना आवरण्यास सामान्यतः पुरेसें नसतें, असें १९५९ सालच्या प्रयोगांत दिसून आलें. १९९४ सालीं बोस्टन येथें १५३ वृद्ध स्त्रियांवर सहा महिने चाललेल्या परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोज ३०० मिलिलिटर क्रॅनबेरीचें पेय घेणाऱ्यांच्या मूत्रांत जंतूंचें प्रमाण घटलें. मूत्राची आम्लता मात्र, तशाच चवीचें साधें पेय घेणाऱ्यांपेक्षां, अधिक नव्हती. गुण टिकला, कारण ढासळलें.

नव्या कारणाची दिशा १९८४ सालीं ओहायोंतील सोबोटा यानें दाखविली होती. हा रस जंतूंना मारीत नाहीं. पेशींना चिकटूं देत नाहीं. विशेष हें कीं, मूत्रमार्गास पीडा देणारे जंतु बहुधा आंतड्यांतूनच तेथें पोंचतात. पुढें या गुणाचें श्रेय रसांतील तुरट द्रव्यांस देण्यांत आलें. परंतु हीं द्रव्यें रक्तांत फारच थोडीं शिरतात. बहुतेक मोठ्या आंतड्यांत उतरतात व तेथील जंतु त्यांचे तुकडे करतात. हिप्पुरिक आम्लाची हकीकतही अशीच निघाली. क्रॅनबेरींत क्विनिक आम्ल विपुल असतें. माकडांना निओमायसिन देऊन आंतड्यांतील जंतु दडपले असतां क्विनिक आम्लापासून हिप्पुरिक आम्ल होण्याची क्रिया फारच मंदावते, असें १९७० सालीं आढळलें. म्हणजे जें कार्य केवळ शरीराचें वाटत होतें, त्यांत या जंतूंचाही मोठा वाटा होता.

२०१५ सालीं क्वेबेक येथील संशोधकांनीं स्निग्ध व गोड आहारावर ठेवलेल्या उंदरांना क्रॅनबेरीचा अर्क दिला. त्यांचें वजन कमी वाढलें, आंतड्यांचा दाह घटला आणि अक्करमान्सिया नांवाचे हितकर जंतु वाढले. पण उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे.

मनुष्यांवरील ५० परीक्षांचा आढावा २०२३ सालीं निघाला. मूत्रमार्गाचा विकार वारंवार होणाऱ्या स्त्रियांत तो पुन्हां उद्भवण्याचा धोका या फळाच्या सेवनानें सुमारें चतुर्थांशानें कमी होतो, असें त्यांत ठरलें. वृद्धाश्रमांतील वृद्धांत तसा लाभ दिसला नाहीं. हा लाभ प्रतिबंधाचा आहे. जडलेला विकार रसावर सोंपवून वैद्यास टाळणें धोक्याचें. शिवाय बाजारांतील या रसांत बहुधा पुष्कळ साखर असते, व ती साखरही त्याच पोटांत जाते.