मेंदूतील रेषा खऱ्या कशावरून?

मेंदूतील चेतातंतूंच्या जाळ्याची रंगीत चित्रे आपण अनेकदा पाहतो. परंतु त्यातील रेषा हे तंतूंचे छायाचित्र नव्हे. पाण्याच्या हालचालीवरून केलेले ते अनुमान आहे. या अनुमानाची पारख तीस वर्षांहून अधिक काळ सुरू आहे.

१९९४ मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनी ल बिहां यांनी ‘डिफ्यूजन टेन्सर’ पद्धत मांडली. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे जाताना अडतात. या फरकावरून एमआरआयमध्ये तंतूंची दिशा काढली जाते. रेणूंना अडवते कोण? तंतूवरील मायलिनचे आवरण, हे उत्तर स्वाभाविक वाटे. त्याच वर्षी ख्रिश्चन ब्यूलियू आणि पीटर ॲलन यांनी गारफिश माशाच्या मायलिन नसलेल्या घ्राणचेतेतही हाच दिशाभेद दाखवला. म्हणजे तंतूंची पटलेच त्यासाठी पुरेशी होती. दिशाभेद घटला की मायलिन नष्ट झाले, असे त्यामुळे थेट म्हणता येत नाही.

दुसरी अडचण आकाराची. चित्रातील एक घनकण सुमारे दोन मिलिमीटरचा, तर तंतूची जाडी बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एकाच घनकणात लाखो तंतू असतात आणि कित्येकदा ते एकमेकांना छेदून जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत, उत्तर आधीच ठाऊक असलेल्या कृत्रिम मेंदूवर २० संशोधकगटांनी ९६ रेषाचित्रे काढली. बहुतेकांना खऱ्या जुड्यांपैकी नव्वद टक्के जुड्या सापडल्या; पण अस्तित्वात नसलेल्या जुड्या त्याहून पुष्कळ अधिक निघाल्या.

खोट्या रेषा गाळण्याच्या प्रयत्नांत भारताचाही वाटा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील देवराजन श्रीधरन यांच्या गटाने सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये ‘रिअल-लाइफ’ ही गणनपद्धती प्रसिद्ध केली. मोजलेला संकेत जुळवण्यासाठी जी रेषा लागत नाही, ती पद्धत वगळते. आणि हे काम आधीच्या पद्धतींच्या दीडशेपटींहून अधिक वेगाने करते.

तरीही संकेताशी जुळणे म्हणजे ऊतीशी जुळणे नव्हे. अंतिम साक्ष सूक्ष्मदर्शकाखालील छेदाचीच. म्हणूनच आयआयटी मद्रासने २०२४ मध्ये मानवी गर्भमेंदूच्या ५,१३२ छेदांचा ‘धरणी’ हा संग्रह जगाला खुला केला, याचे मोल मोठे आहे. अर्बुद काढताना शल्यचिकित्सक याच रेषांचा आधार घेतात. तेथे एक खोटी रेषा किंवा एक निसटलेली रेषा रुग्णाची वाचा हिरावू शकते.