स्तनपान करताना अँटिबायोटिक घेतले तर चालते का?

सिझेरियनच्या टाक्यांत पू होणे, लघवीला जळजळ, स्तनात गाठ होऊन ताप येणे अशा कारणांसाठी बाळंतपणानंतर अँटिबायोटिक घ्यावे लागते. मग घरात प्रश्न येतो, बाळाला अंगावर पाजायचे की नाही? कोणी पावडरचे दूध सुरू करते, तर कोणी गोळ्याच घेत नाही. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

दुधात किती औषध उतरते?

आईच्या रक्तातून औषधाचा थोडा अंश दुधात जातो. वजनाच्या हिशेबाने बाळाला मिळणारी मात्रा आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर औषध सहसा सुरक्षित मानले जाते. अमॉक्सिसिलिनमध्ये ती साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी असते. गरज पडल्यास हेच औषध आपण तान्ह्या बाळालाही यापेक्षा कितीतरी जास्त मात्रेत देतो.

सहसा चालणारी औषधे

- अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन
- सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम यांसारखी औषधे
- अझिथ्रोमायसिन (बाळ काही आठवड्यांचेच असेल आणि जोरात उलट्या करू लागले, तर लगेच दाखवा)
- मेट्रोनिडाझोलच्या नेहमीच्या मात्रेच्या गोळ्या. एकदम २ ग्रॅमची मात्रा दिली असेल, तर किती तास पाजू नये हे डॉक्टरांना विचारा.

विचार करून द्यायची औषधे

- सल्फाची औषधे (कोट्रायमोक्साझोल) आणि नायट्रोफ्युरँटोइन: बाळ महिन्याच्या आतले असेल, अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला कावीळ किंवा जी६पीडीची कमतरता असेल तर टाळतात.
- डॉक्सिसायक्लिन: थोड्या दिवसांसाठी चालते, दीर्घकाळ टाळतात.
- सिप्रोफ्लॉक्सासिन: शक्यतो दुसरा पर्याय निवडतात.
- क्लोरॅम्फेनिकॉलच्या गोळ्या किंवा इंजेक्शन: टाळतात.

स्तनाला सूज आली असेल तर

गाठ, लाली आणि ताप असताना पाजणे अचानक थांबवू नका. दूध साचून राहिले तर सूज वाढते आणि गळू होण्याची शक्यता वाढते. आईला जंतुसंसर्ग असला तरी असे दूध पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला सहसा बाधत नाही. दुखण्यामुळे बाळ त्या बाजूला धरता येत नसेल, तर दूध हाताने काढा.

बाळाकडे लक्ष ठेवा

शी थोडी पातळ होणे, लंगोटाच्या जागी लाली येणे किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसणे असे काही वेळा घडते. बाळ खेळते, पिते असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा. शीत रक्त दिसले, अंगावर पुरळ आले, बाळ सुस्त झाले, दूध ओढेना किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दाखवा. ३ महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तर थांबू नका.

डॉक्टरांना काय सांगाल?

"मी अंगावर पाजते" हे स्वतःहून सांगा. बाळाचे वय, ते किती आठवड्यांचे असताना जन्मले आणि त्याला कावीळ झाली होती का, हेही सांगा. औषध निवडताना याचा उपयोग होतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका आणि बरे वाटले म्हणून सांगितलेला कोर्स मध्येच सोडू नका. पाजणे बंद करायला सांगितले, तर "पाजताना चालेल असे दुसरे औषध आहे का?" असे जरूर विचारा. बहुतेक वेळा ते असते. काही काळ खरोखर थांबावे लागले, तर दूध काढत राहा, म्हणजे ते आटणार नाही.