दांडगाई, मैत्री आणि पहिलें प्रेम

शाळेच्या दिवसांविषयीं बोलूं लागलें कीं बहुतेकांना मौज आठवते. ज्यांना ती आठवत नाहीं ते सहसा बोलत नाहींत. आमच्या वर्गांत एका मुलाला सर्वजण एका विशेष नांवानें हांक मारीत. तें नांव मीं ठेविलें नव्हतें. पण हंसणाऱ्यांत मी होतों. आज इंग्रजीतील शालेय कादंबरीचा वृत्तान्त सांगावयास बसलों असतां तो मुलगा डोळ्यांपुढून हलत नाहीं.

वृत्तान्ताचा आरंभ १८५७ सालापासून करूं. त्या वर्षीं थॉमस ह्यूजेस याचें 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. ह्यूजेस स्वतः १८३४ पासून १८४२ पर्यंत रग्बी येथील शाळेंत होता, आणि तेव्हां तेथें डॉ. थॉमस आर्नल्ड हे मुख्याध्यापक होते. लहान मुलांनीं सर्वांत वरच्या वर्गाची चाकरी करावी ही तेथील रीतच होती. आर्नल्डसाहेबांनीं ती मोडली नाहीं. थोरल्यांवर जबाबदारी टाकली म्हणजे ते सुधारतील असा त्यांचा विश्वास. पुस्तकांतला दांडगट फ्लॅशमन तर सर्वांत वरच्या वर्गांतलाही नव्हे. तो नसलेला अधिकार गाजवितो. शर्यतीच्या सोडतींत टॉमला नामी घोड्याची चिठ्ठी निघते, ती विकण्यास तो नकार देतो, म्हणून फ्लॅशमन व त्याचे सोबती त्याला धगधगत्या आगीपुढें धरून भाजतात. टॉम कोणाचेंही नांव सांगत नाहीं. पुढें टॉम आणि त्याचा मित्र ईस्ट हे दोघे मिळून त्या दांडगटाला लोळवितात, आणि वाचक टाळ्या पिटतो. परंतु एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून निसटते. फ्लॅशमनला शाळेंतून काढलें तें दारू पिऊन झिंगल्याबद्दल. टॉमला भाजल्याबद्दल नव्हे. छळ हा तेव्हां गुन्हा नव्हता. ती मर्दपणाची परीक्षा होती.

या पुस्तकांत प्रेमकथा नाहीं, आणि असणेंही शक्य नव्हतें. रग्बीच्या वर्गांत त्या काळीं मुली नव्हत्या. शाळकरी प्रेमाला जागा मिळाली ती अमेरिकेंतील हायस्कुलांत, जेथें एकाच गांवचे मुलगे व मुली एका वर्गांत बसत आणि सायंकाळीं आपापल्या घरीं परतत. मॉरीन डेली हिनें कॉलेजांत असतांना लिहिलेली 'सेव्हन्टीन्थ समर' १९४२ सालीं निघाली. नुकतीच शाळा संपविलेली अँजी आणि बेकरीवाल्याचा मुलगा जॅक यांच्या एका उन्हाळ्याची ती गोष्ट आहे. गोड आहे, पण तींत दांडगाईला जागा नाहीं.

छळ आणि ओढ एकत्र आणिली ती एका शाळकरी मुलीनें. ओक्लाहोमांतील टल्सा गांवची एस्. ई. हिंटन हिची 'दि आउटसायडर्स' १९६७ सालीं प्रसिद्ध झाली तेव्हां ती अठरा वर्षांची होती. लेखिका मुलगी आहे असें कळल्यास समीक्षक नाकें मुरडतील, या भीतीनें प्रकाशकांनीं केवळ आद्याक्षरें छापलीं. सिनेमाहून घरीं जाणाऱ्या आपल्या एका मित्राला मारहाण झालेली तिला ठाऊक होती. गरीब वस्तीचा पोनीबॉय आणि श्रीमंत घरची चेरी यांची सिनेमाच्या ठिकाणीं गांठ पडते, मनमोकळें बोलणें होतें. आणि निघतांना ती त्याला बजावते कीं उद्यां शाळेंत मीं ओळख दाखविली नाहीं, तर मनाला लावून घेऊं नकोस. माझ्या मतें आगीपेक्षांही हा चटका अधिक खोल आहे.

१९७४ सालीं दोन पुस्तकें आलीं. रॉबर्ट कॉर्मिअर याच्या 'दि चॉकलेट वॉर'मध्यें एकटा पडलेला मुलगा शेवटीं हरतो. तो शेवट बदलण्यास लेखकानें साफ नकार दिला. ज्यूडी ब्लूम हिच्या 'ब्लबर'मध्यें पांचव्या इयत्तेंतील एका जाड मुलीचा छळ होतो, आणि ती कथा सांगते कोण, तर छळणाऱ्यांपैकींच एक मुलगी. मग फांसे उलटतात, आणि तिचीच पाळी येते.

रेनबो रॉवेल हिची 'एलेनॉर अँड पार्क' २०१३ सालीं अमेरिकेंत निघाली. कथा १९८६ मधील ओमाहा शहराची. जाड, तांबड्या केसांची, विचित्र पोषाखाची एलेनॉर शाळेच्या बसमध्यें चढते, आणि कोणी तिला बसूं देत नाहीं. पार्क जागा देतो, तीही वैतागानें, चार शब्द तोंडांत पुटपुटून. पुढें तो चित्रकथा वाचीत असतांना ती चोरून वाचते आहे हें त्याच्या ध्यानांत येतें, आणि तो पानें जरा सावकाश उलटूं लागतो. एवढ्यावर प्रेम उभें राहतें. शाळेंत तिचे कपडे संडासांत टाकले जातात. तिच्या पुस्तकांवर घाणेरडीं वाक्यें उमटतात. हें सारें टीना नांवाच्या मुलीचें काम, असें ती धरून चालते. वाक्यें लिहिणारा मात्र घरांतलाच, तिचा सावत्र बाप निघतो. आणि ज्या रात्रीं ती घर सोडून पळते, त्या रात्रीं तिला आसरा देते ती तीच टीना.

त्याच वर्षीं मिनेसोटांत कांहीं पालकांनीं या पुस्तकावर आक्षेप घेतला, आणि लेखिकेचा तेथील कार्यक्रम रद्द झाला. कादंबरींतील एलेनॉरही मिनेसोटांतच जाते, काकाच्या घरीं. पार्क तिला रात्रभर मोटार हांकीत पोंचवितो. त्यानंतर तो पत्रें लिहितो, ती उत्तर देत नाहीं. आणि कित्येक महिन्यांनीं एक पोस्टकार्ड येतें, अवघ्या तीन शब्दांचें. ते शब्द कोणते, हें लेखिकेनें सांगितलेलें नाहीं.