घोडा गडावर कसा चढला?

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी जमवायचं काम दिलं आणि गडी त्यात रमला. पाऊस, हवेचा दाब, पिकं, पक्षी, मासे, जे समोर येईल ते तो टिपत गेला. या भटकंतीत एकदा तो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभा होता. कोकणातून चढलेलं धुकं कड्यापाशी येऊन थबकलं होतं, सूर्य पाठीशी आणि अगदी खाली होता. समोरच्या धुक्यात त्याला पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं, आणि त्या वर्तुळाच्या मधोमध स्वतःची, बरोबरच्या माणसांची आणि घोड्याची सावली.

हेच ते इंद्रवज्र. साइक्सने ते 1835 साली पाहिलं, असं ट्रेकर मंडळी हमखास सांगतात. वास्तविक तो 1831 मध्येच विलायतेला परतला होता. 1835 हे लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध छापल्याचं साल. पण सालापेक्षा घोडा जास्त गमतीचा आहे. सुमारे 1400 मीटर उंचीच्या या गडावर तो चढला कुठून?

कोकणातून चढणं तर शक्यच नव्हतं. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी वाटही खिंडीच्या वर कातळाला भिडते. तिथे आज लोखंडी कठडे लावले आहेत आणि पाठीवर पिशवी घेतलेला माणूसही हात टेकत जातो. राहता राहिली उत्तरेकडची पाचनईची वाट. घोडा तिथूनच आला असावा. ज्याला आपण गडाची ‘सोपी वाट’ म्हणतो, ती निदान दोनशे वर्षं सोपीच असणार.

हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात, अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. म्हणूनच त्याला एक राजमार्ग नाही. ज्या बाजूच्या माणसाचं वर काम होतं, त्याने आपल्या बाजूने वाट पाडली. दक्षिणेला जुन्नर, पश्चिमेला कल्याणचं बंदर आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. जवळच्या नाणेघाटात सातवाहनांचे लेख आहेत, म्हणजे या भिंतीवरून माल चढवण्याचा उद्योग दोन हजार वर्षांचा. नाणेघाट हा हमरस्ता. त्याच्या आजूबाजूला गुरं नेण्याच्या, माहेरी जाण्याच्या, बाजाराच्या कितीतरी लहान वाटा होत्या. कोकणातल्या बेलपाड्याहून चढणारा साधले घाट त्यातलाच एक.

या वाटा लढणाऱ्यांच्याही कामी आल्या. गड मोगलांकडून मराठ्यांकडे आला तो अठराव्या शतकाच्या मध्यावर. 1818 नंतर तो इंग्रजांकडे गेला. पुढे 1829-30 मध्ये रामजी भांगरे आणि त्यानंतर त्यांचा मुलगा राघोजी यांनी महादेव कोळ्यांचं बंड उभारलं, तेव्हा पलटणींना सर्वात जास्त दमवलं ते याच मुलखाने. वाट ठाऊक असलेला माणूस एका जिल्ह्यातून चढून दुसऱ्यात उतरायचा. राघोजींना अखेर 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

या सगळ्यांचं एक वेळापत्रक होतं, आणि पावसाळा त्यात सुट्टीचा होता. मोहिमा दसऱ्यानंतर निघत, बैल घाटाला लागत ते वाट वाळल्यावर. गडावरची मोठी जत्रा महाशिवरात्रीची. तेव्हा खळी आटोपलेली, गवत पिवळं पडून वाट उघडी झालेली, आणि टाक्यांत अजून भरपूर पाणी. केदारेश्वराच्या गुहेतलं भलंमोठं लिंग बर्फासारख्या गार पाण्यात उभं आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उरला आहे. माघात त्या कमरेएवढ्या पाण्यातून प्रदक्षिणा घालता येते. आषाढ-श्रावणात समोरचा ओढा असा फुगतो की गुहेपर्यंत पोचणंच अवघड. देवदर्शनाची तिथी आणि डोंगराची सवड यांचा मेळ जुन्या लोकांनी नीट घातला होता, असंच म्हणावं लागतं.

शहरी भटक्यांनी हे वेळापत्रक उलटं केलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याची तरुण मंडळी शनिवारी रात्री कल्याणहून आळेफाट्याची एसटी पकडून माळशेज घाटातून खुबी फाट्याला उतरू लागली. पुढे पिंपळगाव जोगा धरणाचा बांध तुडवत खिरेश्वर, आणि पहाटे तोलार खिंड. हरीश कापडिया यांचं इंग्रजी आणि आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ हे मराठी पुस्तक यांच्यामुळे गावकऱ्यांच्या वाटा शहरातल्या घरांत पोचल्या. नोकरदाराला डोंगर हवा असतो तो हिरवा. त्यामुळे ज्या महिन्यांत गडाकडे कोणी फिरकत नसे, तेच गर्दीचे महिने झाले.

पाचनईला डांबरी सडक पोचली आणि खिरेश्वरची मिरासदारी संपली. मंगळगंगेच्या कडेने, पुढे आलेल्या कातळाच्या छपराखालून जाणारी ही वाट भर पावसातही चालता येते. धबधबे अंगावर घेत माणसं दोन-अडीच तासांत गडावरच्या देवळाशी पोचतात. तिथे पिठलं-भाकरी मिळते, तंबू मिळतो. गावाला रोजगार मिळाला हे चांगलंच झालं; शनिवारच्या रात्री कड्यावर होणारा गोंगाट मात्र नको वाटतो.

तोलार खिंडीची वाट पावसात वेगळी वागते. कातळ संपला की लहान लहान टेकाडांचं रान लागतं, सगळी एका चेहऱ्याची, आणि धुक्यात तिथे सराईतही चकतो. ऑगस्ट 2023 मध्ये पुण्याहून आलेला एक गट असाच भरकटला आणि थंडी-पावसाने त्यातल्या एकाचा जीव गेला. खिंडीत वाघाचं एक जुनं शिल्प आहे. पावसाचा रंग बघून तिथूनच माघारी फिरणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये.

गणपतीनंतर पठारावर सोनकी पिवळी होते, आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी उतारच्या उतार जांभळे करते. याच सुमारास कोकणात धुकं आणि वर ऊन अशी सकाळ मिळण्याचा योग असतो. सूर्य पूर्वेला, पाठीशी आणि खाली हवा, म्हणजे इंद्रवज्र सकाळीच. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून त्याची वाट बघणारे बरेच भेटतात. त्यांना सूर्यास्त तेवढा मिळतो.

मग येतो नळीच्या वाटेचा हंगाम. बेलपाड्यातून निघून कोकणकड्याच्या कुशीतल्या घळीतून थेट कड्याच्या माथ्यावर काढणारी ही वाट म्हणजे पावसाळ्यात निव्वळ पाण्याचा पाट. दिवाळीनंतर ती कोरडी होते, पण पाण्याने हलवून ठेवलेले धोंडे तसेच असतात. वरच्याने पाय नीट टाकला नाही तर खालच्याचं डोकं फुटतं, म्हणून एकेकाने अंतर ठेवून चढायचं. दोन-तीन कातळटप्प्यांना दोर लागतो. पूर्ण दिवस जातो आणि वाटेत पाण्याची खात्री नाही. फेब्रुवारी सरला की कातळ तापतो आणि घळीत वारा पडतो. बेलपाड्याचे वाटाडे मग या वाटेला नाही म्हणतात, आणि पाहुणा फारच हट्टाला पेटला तर साधले घाटाने पाचनईकडे काढून देतात.