पाठिंबा कशाला म्हणावे? : चर्नी रोड, परळ, दादर आणि महाडच्या वाटेवरचे सवर्ण सहकारी

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. आठवडाभराने, २ जूनला, जगभरच्या पडद्यांवर काळे चौकोन उमटले. मुंबईतल्या पुष्कळ तरुणांनीही ते लावले. त्या साऱ्यांत केवळ देखावा होता असे मी म्हणणार नाही. परंतु जो अन्याय आपल्याला सोसावा लागत नाही, उलट ज्याचा फायदाच आपल्या पदरात पडतो, त्याच्याविरुद्ध उभे राहणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्या चौकोनाने सुटत नाही. तो प्रश्न आपल्या शहराला शंभर वर्षांपूर्वीच पडला होता. त्याची उत्तरे परळच्या दामोदर हॉलमध्ये, गिरण्यांच्या खात्यांत आणि महाडच्या तळ्याकाठी शोधली गेली. आजचा धागा त्या उत्तरांविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभीच एक खुलासा. वर्णद्वेष आणि जातिभेद एकच नव्हेत. पण दोहोंना शेजारी ठेवून पाहण्याची रीत आजकालची नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ हे नाव दिले, तेही ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. ही तुलना बाहेरून लादलेली नाही. ती ज्यांना सोसावे लागले त्यांनीच केली.

प्रथम गिरगावात जाऊ. चर्नी रोडच्या बागेत सायंकाळी एक शाळकरी मुलगा वाचत बसलेला असे. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक आणि ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ लिहिणारे कृष्णराव अर्जुन केळूसकर त्याच बागेत येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. पुढे त्याच्या परीक्षेतील यशाबद्दल सत्कार झाला तेव्हा स्वतःचे बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. महाविद्यालयीन शिक्षण पैशाअभावी थांबण्याची वेळ आली, तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांकडे नेऊन दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्तीही मिळवून दिली. त्या मुलाने अखेरीस १९५६ साली कोणता धर्म स्वीकारला हे वाचकांना सांगायला नको. केळूसकरांनी यासाठी कोणतीही संस्था काढली नाही. एवढ्यावरून कोणी म्हणेल, पाठिंबा म्हणजे असाच निरपेक्ष आधार. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. एका हुशार मुलाला वाट करून दिल्याने बाकीच्यांच्या वाटेतला दगड हलत नाही.

दगड हलवण्याचा कायदेशीर प्रयत्न दादरच्या माणसाने केला. पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जाताना जो रस्ता लागतो, त्याला ज्यांचे नाव आहे ते रावबहादूर सीताराम केशव बोले. भंडारी समाजातले हे गृहस्थ १९०९ पासून कामगार हितवर्धक सभेतर्फे गिरणी कामगारांत वावरत होते. वर उल्लेखिलेल्या सत्काराचे अध्यक्षही तेच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांनी ठराव मंजूर करून घेतला : सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने ही अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव झाला आणि बहुतेक नगरपालिकांनी तो कपाटात ठेवला. येथे बोल्यांचे वेगळेपण दिसते. १९२६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि अंमलबजावणी न करणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे असा दुसरा ठराव त्यांनी आणला. पहिल्या ठरावावर टाळ्या घेऊन घरी गेलेल्या सुधारकांची यादी फार मोठी आहे. दुसरा ठराव आणणारे थोडे.

हाच ठराव महाडला पोचला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबा टिपणीस यांच्या पुढाकाराने तेथील नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात अस्पृश्यांना तेथे पाऊल टाकण्याची सोय नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला पिण्याचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. त्याचे बिल ४० रुपये झाले. पाण्याने भरलेल्या तळ्याच्या गावात, तळे खुले असल्याचा ठराव दप्तरात असताना!

परिषदेतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. सवर्णांनी कोणकोणती कर्तव्ये पार पाडावीत यासंबंधीच्या ठरावावर गावातील सवर्ण प्रतिनिधी बोलायला उभे राहिले. त्यांनी सहानुभूती व्यक्त केली, मागण्या मान्य केल्या, फक्त आंतरजातीय विवाहाचा मुद्दा तेवढा वगळला. म्हणजे पाणी चालेल, शाळा चालेल, घराचा उंबरठा मात्र नको. त्यांना दुष्ट ठरवण्याची मला घाई नाही. त्या काळात व्यासपीठावर येऊन एवढे बोलणेही सोपे नव्हते. तरीही पाठिंबा देणारा माणूस कुठे थांबतो, यावरून तो कोणत्या गोष्टीला आपली मालमत्ता समजतो ते कळते.

त्याच परिषदेत अनंतराव चित्रे होते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले, मुंबईत सोशल सर्व्हिस लीगमध्ये काम केलेले. समारोपाच्या वेळी त्यांनी सुचवले की परिषद नुसत्या ठरावांवर संपवू नये, सर्वांनी आत्ताच तळ्यावर जाऊन पाणी घ्यावे. मिरवणूक निघाली. आंबेडकरांनी पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून हजारोंनी. त्यानंतर अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात पसरली, जमाव मंडपावर चालून आला, लोकांना रस्त्यांत गाठून मारले गेले. अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. त्या दरम्यान ब्राह्मणेतर पक्षाच्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, मात्र एका अटीवर : सत्याग्रहात ब्राह्मण नकोत. आंबेडकरांनी अट नाकारली. त्यांचे म्हणणे असे की आपले वैर ब्राह्मण्याशी आहे. ते ब्राह्मणेतरांतही असू शकते, आणि ब्राह्मण जन्माचा माणूस त्यापासून मुक्त असू शकतो. ही भूमिका उदारपणाची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती उदार असण्यापेक्षा काटेकोर अधिक आहे. जन्मावरून कोणाला बाहेर काढायचे नाही, याचा दुसरा अर्थ असा की जन्मावरून कोणाला प्रशस्तिपत्रही द्यायचे नाही. प्रत्येकाला कृतीची परीक्षा आहेच.

२५ डिसेंबर १९२७ च्या रात्री महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा मनाई हुकूम होता. सवर्णांकडून जागा मिळणे अशक्य होते, म्हणून परिषद फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाच्या जागेत भरली होती. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिले. सहस्रबुद्धे ब्राह्मण. यावरून ‘पाहा, मनुस्मृती ब्राह्मणाच्याच पुढाकाराने जळाली’ असे वाक्य अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असते. ते वाचताना सावध राहावे. परिषद बहिष्कृतांची होती, मार बहिष्कृतांनी खाल्ला होता, नेतृत्व आंबेडकरांचे होते. सहस्रबुद्ध्यांचे मोठेपण तो ठराव मांडण्यात आहेच, त्याहून अधिक ते पुढच्या कामात आहे. ‘जनता’ साप्ताहिकाच्या संपादनाची जबाबदारी त्यांनी पुढे वाहिली. दहनाची रात्र एकच असते. साप्ताहिक दर आठवड्याला काढावे लागते.

त्याच वर्षी मुंबईत समाज समता संघ स्थापन झाला. देवराव नाईक, द. वि. प्रधान, चित्रे ही सवर्ण मंडळी त्यात होती. सहभोजने, सभा, आणि २९ जून १९२८ पासून नाईकांच्या संपादनाखाली निघालेले ‘समता’ हे पाक्षिक असे त्याचे काम. लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत टिळक यांनी १९२८ मध्ये या संघाची शाखा पुण्याला गायकवाड वाड्यात उघडली. सवर्णांचा मोठा भरणा असलेल्या या संघाचे अध्यक्ष स्वतः आंबेडकर होते, हे मात्र लक्षात ठेवा. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

आता गिरणगावात. येथे गोष्ट अवघड होते, कारण येथले सवर्ण स्वतः शोषित आहेत.

त्या काळच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूत कातण्याच्या खात्यात काम मिळे, विणकाम खात्यात मिळत नसे. विणकामाला मजुरी जास्त. कारण काय? साच्यावर विणताना धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढायचे. एकाच धोट्याला पाळीपाळीने अनेकांचे तोंड लागे. तेव्हा अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आपण कसा ओढायचा, ही सवर्ण कामगारांची हरकत. जास्त पगाराच्या कामातले स्पर्धक त्यामुळे आपोआप बाहेर राहत, हा फायदा कोणी बोलून दाखवत नसे. येथे विटाळ आणि पगारपत्रक एकमेकांत असे विणले गेले आहेत की कोणता धागा कुठला ते सुटे करता येत नाही.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. व्यासपीठावर कामगार एकजुटीची भाषा होती. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना सांगितले की सर्व खाती अस्पृश्य कामगारांना खुली करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर मी आमच्या कामगारांना संपापासून परावृत्त करीन. ती मागणी नाइलाजाने घातली गेली. फॉसेट समितीपुढे ती आली तेव्हा गिरणीमालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकांच्या तोंडून क्वचितच निघणारे हे खरे बोल होते. दार त्यांनी लावलेले नव्हते, आतल्या कामगारांनीच लावले होते. अन्यायाविरुद्ध लढणारी चळवळ दुसरा अन्याय पोटात घालून चालू शकते, हे लालबाग-परळच्या इतिहासातले फार बोचणारे पान आहे आणि ते गाळून गिरणगावाचा अभिमान सांगता येत नाही. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र आले. दरम्यानच्या दहा वर्षांत अविश्वास बराच साचला होता.

आता १९३२. पुणे करारानंतर ३० सप्टेंबरला फोर्टमधल्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, आज जेथे आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे तेथे, सभा झाली आणि अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संस्था काढायचे ठरले. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्कर बाप्पा. मध्यवर्ती मंडळात आंबेडकरांनाही घेतले होते. गोलमेज परिषदेला बोटीने जाताना, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, त्यांनी ठक्करांना दीर्घ पत्र लिहिले. मला वाटते, ‘खरा पाठीराखा कोण’ या विषयावर आपल्याकडे लिहिले गेलेले ते सर्वांत स्पष्ट पत्र असावे.

आंबेडकरांचे म्हणणे थोडक्यात असे. अस्पृश्यांतल्या व्यक्तींना नीतिमान, स्वच्छ, निर्व्यसनी बनवण्यावर शक्ती खर्च करू नका, दोष त्यांच्यात नाही, परिस्थितीत आहे. विहिरी, शाळा, चावडी यांवरच्या हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढा. तिने संघर्ष होईल, तो होऊ द्या, कारण सवर्णाला पेच पडल्याखेरीज तो विचारच करत नाही. नोकऱ्यांची दारे उघडा. अस्पृश्यांना आपल्या घरात पाहुणे म्हणून घ्या. आणि हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातूनच घ्या, कारण पगारासाठी काम करणारा आणि जिव्हाळ्याने काम करणारा यांत अंतर असते.

पत्राला अपेक्षित उत्तर मिळाले नाही. संघ शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांच्या दिशेने गेला, आणि आंबेडकर त्यातून बाजूला झाले. संघाच्या कारभारात अस्पृश्यांचे प्रतिनिधी का नाहीत, या प्रश्नावर गांधीजींची बाजू अशी होती की अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप, प्रायश्चित्त सवर्णांनी घ्यायचे, ऋणकोने ऋण फेडायचे. या युक्तिवादात प्रामाणिकपणा आहे, आणि ठक्कर बाप्पांचे आयुष्य पाहिले तर कष्टही आहेत. पण ऋण कसे, किती आणि कोणत्या नाण्यात फेडायचे हे एकट्या ऋणकोनेच ठरवायचे असेल, तर धनकोच्या हाती काय उरते? अमेरिकेत उत्तरेकडचे गोरे गुलामांच्या मुक्तीसाठी दक्षिणेकडच्या आपल्याच गोऱ्या भाऊबंदांशी लढले, तसे तुम्ही लढाल काय, असा प्रश्न आंबेडकरांनी सवर्ण सुधारकांना आपल्या लिखाणातून विचारला आहे. समाज समता संघाचे अध्यक्षपद आणि हरिजन सेवक संघाचे अध्यक्षपद शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे त्या प्रश्नाची धार कळते.

महाडचा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले आणि तळ्यावरचा हक्क कायम झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अनंतराव चित्रे रत्नागिरी जिल्ह्यातून आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात निवडून गेले. १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत बहुतांशी सवर्ण, त्यांत चित्र्यांच्या जातीचेही. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, तेव्हा चित्रे त्यांच्या बाजूने होते. त्या मोर्च्याची आणि खोतीची हकीकत पुढच्या धाग्यात.