तीन पदरी दोरा

बीडचा आणि समुद्राचा संबंध सुकटीपुरता. आठवडी बाजारात गोणपाटावर सुकट-बोंबील मांडलेले असतात. नाक दाबून त्यांच्यापुढून गेलं की आमचं समुद्रदर्शन झालं. नकाशावर पट्टी ठेवून पाहा, मुंबईचा किनारा बीडहून जवळजवळ सरळ पश्चिमेला ३०० किलोमीटरवर निघेल. पण पट्टीवरचं अंतर वेगळं आणि प्रवासाचं वेगळं. बीड शहरात रेल्वे यायलाच २०२५ साल उजाडलं. मग समुद्रानं काय घाई करावी?

अशा गावच्या माणसानं खाऱ्या पाण्यात बारीक दोऱ्यावर मोठा मासा धरण्याच्या विक्रमांचा इतिहास सांगायचा, म्हणजे ब्रह्मचाऱ्यानं संसारावर व्याख्यान देण्यासारखं झालं. पण संसारावरची चांगली व्याख्यानं बहुधा ब्रह्मचारीच देतात, असा आपला अनुभव आहे. शिवाय हा इतिहास मी हौसेनं वाचलेला नाही. मला तो आमच्या मामांमुळे वाचावा लागला.

मामा शिंपी होते. दुकान म्हणजे बोळातलं एक पायमशीन आणि पुढे गिऱ्हाइकांसाठी बाकडं. सुट्टी असली की मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ते पालीजवळच्या बिंदुसरेच्या तलावावर जात. मामांचं सगळं सामान दुकानातलंच. शिवणाचा दोरा तीन पदरी पिळून त्याला मेण चोळायचं आणि तो दोऱ्याच्याच रिकाम्या लाकडी रिळावर गुंडाळायचा. बांबूच्या टोकाला तारेचं कडं, त्यातून दोरा बाहेर, दोऱ्याला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आणि गळाला बेडकी. मरळ लागली की मामा डाव्या हातात रीळ सैल धरायचे आणि अंगठ्याला गुंडाळलेल्या चिंधीनं दाबून दाबून दोरा सोडायचे.

काठावरची बाकीची मंडळी जाड तंगूस वापरायची आणि मासा लागला की विहिरीतून घागर काढावी तसा काढायची. मी एकदा म्हटलं, "मामा, आपण पण तंगूस आणू की."

"तंगूस असला की म्हैस बी निघंल," मामा म्हणाले. "मग त्यात आपलं काय राह्यलं?"

हे वाक्य मी तेव्हा शिंप्याचा कंजूषपणा म्हणून सोडून दिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की याच वाक्यावर अमेरिकेत एक क्लब निघाला होता.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर कॅटलिना नावाचं बेट आहे. १८८६ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाचे एक निसर्ग-अभ्यासक तिथे गेले, तर लोक काठावर उभं राहून जाड दोरांनी मोठमोठे मासे ओढत होते. मासा ओढायचा, टाकायचा, पुढचा ओढायचा. किती खाल्ला आणि किती कुजला याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. होल्डरना हे खटकलं. त्यांनी काठी आणि रीळ घेतलं आणि १८९८च्या जूनमध्ये १८३ पौंडांचा, म्हणजे ८३ किलोंचा, ट्यूना काठीवर धरला. ट्यूना म्हणजे आपल्या कोकणातल्या कुप्याचा थोरला भाऊ. त्यानं होल्डरसाहेबांची होडी पावणेचार तास, सुमारे दहा मैल, समुद्रभर ओढली. कुणी कुणाला धरलं होतं हा प्रश्न त्या वेळात कुणी विचारला नाही म्हणून बरं. बेटावर परतल्यावर त्यांनी त्याच महिन्यात ‘ट्यूना क्लब’ काढला आणि मासे धरण्याला नियम आले.

नियम कशाचे? तर दोऱ्याचे! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. तेव्हाचा गळाचा दोरा जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा असे आणि पदरांवर मोजला जाई. एका पदराची ताकद ३ पौंड. ही ताकद ओल्या दोऱ्याची धरायची, कारण लिनन भिजलं की अधिक चिवट होतं. आमचे मामाही दोरा आधी पाण्यात बुडवून घेत. क्लबानं भारी सामानाला २४ पदरांची मर्यादा घातली. म्हणजे ७२ पौंड, सुमारे ३३ किलो. काही वर्षांतच मंडळींना हेही जाड वाटू लागलं. मग ‘हलकं सामान’ नावाचा वर्ग निघाला, त्यात ९ पदर. तेही पुरेना, तेव्हा ६ फुटांची काठी, तिचं वजन ६ औंस आणि दोरा ६ पदरी, असा तीन सहांचा वर्ग निघाला. सहा पदर म्हणजे १८ पौंड, सुमारे ८ किलो. थोडक्यात, ज्या दोऱ्याला दळणाचा डबा लटकवताना आपण दोनदा विचार करू, त्याच्यावर हे लोक समुद्रातला मासा खेळवू लागले.

असल्या दोऱ्यावर मासा ओढता येतच नाही, त्याला दमवावा लागतो. तो पळाला की पळू द्यायचा, थांबला की हातभर दोरा गुंडाळून घ्यायचा. दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकाच ताण ठेवायचा, कारण एक हिसका बसला की खेळ खलास. सुरुवातीच्या रिळांना ब्रेकसुद्धा नव्हता. रिळावर चामड्याचा तुकडा असे, तो अंगठ्यानं दाबायचा. मासा पळाला की रिळाची मूठ उलटी गरगरे आणि बोटं फोडून काढी. पुढे विल्यम बॉशेन या क्लबातल्याच गृहस्थांच्या कल्पनेतून आतल्या ब्रेकचं रीळ तयार झालं. त्या रिळावर १९१३ साली त्यांनी ३५५ पौंडांचा तलवारमासा धरला. काठीवर धरलेला तो पहिला तलवारमासा. आमच्या बिंदुसरेवर मात्र चिंधीचा ब्रेक अखेरपर्यंत चालू होता.

नियम आले की विक्रम येतात आणि विक्रम आले की भांडणं. झेन ग्रे हे काऊबॉयच्या कादंबऱ्या लिहून गडगंज झालेले लेखक आणि मासेमारीतले वाघ. १९२० साली त्यांनी ४१८ पौंडांचा तलवारमासा धरला आणि त्याची भरपूर वाच्यता केली. दुसऱ्याच वर्षी मिसेस कीथ स्पॉल्डिंग नावाच्या लहानखुऱ्या बाईंनी ४२६ पौंडांचा धरला. आठच पौंड जास्त! पण पुरुषाच्या काळजात आठ पौंड फार जड असतात. बाईंना कुणाची तरी मदत झाली असणार, असं ग्रे बोलून गेले. क्लबात गहजब झाला, माफीची मागणी झाली आणि शेवटी ग्रेसाहेब क्लबातून बाहेर पडले. मासा एवीतेवी मेलेलाच होता. माणसांची अब्रू मात्र त्यानंतर बराच वेळ तडफडत राहिली.

अशी भांडणं जगभर होऊ नयेत म्हणून १९३९ साली न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना स्थापन झाली. मायकेल लर्नर यांनी तिच्यासाठी पैसा आणि जीव दोन्ही ओतलं. ही संघटना नुसता सर्वांत मोठा मासा लिहून घेत नाही, दोऱ्याच्या ताकदीचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाचा विक्रम वेगळा लिहिते. सर्वांत बारीक वर्ग १ किलोचा. म्हणजे साखरेच्या पुड्याचा! विक्रम सांगायचा तर वापरलेल्या दोऱ्याचा तुकडा पाठवावा लागतो आणि तो ओला करून, तोडून पाहतात. दोऱ्याच्या वीसपट वजनाचा मासा धरणाऱ्याला वेगळा मान आहे.

बाकीचे नियमही ऐकण्यासारखे आहेत. काठी आणि रीळ पाहिजेच. नुसता हातातला दोर चालत नाही. शार्कनं लचका तोडलेला मासा चालत नाही. आता पु. लं.चं ‘एका कोळियाने’ ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगावं, हेमिंग्वेच्या त्या म्हाताऱ्या सँतियागोचं काय? त्यानं प्रचंड मार्लिन धरला तो हातातल्या दोरावर आणि किनाऱ्याला आणला तो नुसता सांगाडा. एकाही कलमात बसत नाही! गंमत म्हणजे खुद्द हेमिंग्वे या संघटनेचे उपाध्यक्ष होते. लेखकानं म्हाताऱ्याला अजरामर केलं, उपाध्यक्षाला मात्र त्याचा अर्ज फेटाळावा लागला असता. त्या गोष्टीवर १९५८ साली चित्रपट निघाला, तेव्हा त्यात उड्या मारणारा मार्लिन दाखवला तो आल्फ्रेड ग्लासेल यांचा. त्यांनी १९५३ साली पेरूच्या किनाऱ्यावर जाड दोऱ्यावर धरलेला, १,५६० पौंडांचा. तो नियमात चोख बसला होता.

आणि शेवटचा नियम. मासा लागल्यापासून काठीला आणि दोऱ्याला दुसऱ्या कुणाचाही हात लागता कामा नये.

हा नियम वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळी मामांना मरळ लागली. अर्धा तास ते काठानं पुढे-मागे फिरत होते. चिंधी भिजली होती, अंगठा लाल झाला होता. मरळ पार काठाशी आली. तिची काळी पाठ मला दिसली आणि रात्रीचं कालवणही दिसलं. मला राहवलं नाही. गुडघाभर पाण्यात शिरलो, दोन्ही हातांनी दोरा धरला आणि ओढला. तीन पदर एकदमच गेले. मला वाटलं, आता पाठीत बसतोय. मामांनी नुसतं दोऱ्याचं टोक उचलून पाहिलं, जसं उसवलेलं शिवण पाहायचे तसं.

"दोन माणसं झाली रे आपण," ते म्हणाले. "मासा एकटा होता."

दुसऱ्या वर्षी १९७२. तलावाचं डबकं झालं. लोक खडी फोडून, सुकडी खाऊन दिवस काढत होते. डबक्यात टोपल्या आणि धोतरं घालून हाताला येईल तो मासा उचलत होते. मामाही टोपली घेऊन निघाले. मी काठी पुढे केली, तर त्यांनी ती परत भिंतीला लावली.

"यंदा खेळ नाही. यंदा पोट हाय."

बारीक दोऱ्याचा सगळा इतिहास वाचून मला यापलीकडे फारसं काही सापडलं नाही. मासा निसटला तरी रात्री चूल पेटणार आहे, अशा माणसानंच दोरा बारीक करावा. आणि अशा माणसानं तो बारीक करावाच. सँतियागोला ही चैन परवडणारी नव्हती, म्हणून तो त्या वहीत नाही आणि त्यात त्याची काही नामुष्की नाही. वहीवालेही हळूहळू शहाणे होताहेत. फार बारीक दोऱ्यावर मासा इतका वेळ झुंजतो की सोडून दिला तरी जगेलच असं नसतं, हे त्यांना कळलं आहे. २०११ पासून मासा नुसता मोजून पाण्यात सोडला तरी लांबीचा विक्रम लिहिला जातो.

पाऊस झाला, तलाव भरला, तेव्हा मामांनी काठी पुन्हा काढली. मला बरोबर नेलं. फक्त बसवलं जरा लांब.

आता मामा नाहीत. त्यांचं लाकडी रीळ माझ्या टेबलावर असतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी त्या मरळीची हकिकत सांगतो. त्या संध्याकाळी ती दोन-अडीच किलोंची असावी. सांगता सांगता सध्या ती सहा किलोंवर आली आहे. दोरा मात्र मी अजून तीनच पदरी ठेवलाय.